काम मागणारा नागरिक

महाराष्ट्रातल्या पगारदार माणसाच्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' नावाची एक ओळ असते. बहुतेक जण तिला 'प्रोफेशनल टॅक्स' म्हणूनच ओळखतात. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये. रक्कम इतकी लहान की ती कशासाठी कापली जाते हे विचारावं असं सहसा कुणाला वाटत नाही.

या प्रश्नाचं उत्तर १९७५ सालच्या एका कायद्यात आहे. हा कर राज्याने बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी ('रोहयो') पैसा उभा करायला. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाच्या पगारातला एक तुकडा आटपाडीत किंवा पाटोद्यात पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईच्या मजुरीकडे जावा, अशी ती रचना होती. व्यापारी जागांच्या मालमत्ता करातही 'रोजगार हमी उपकर' जोडला गेला. करातून जेवढी रक्कम येईल, तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असंही ठरलं.

हे विचार करण्याजोगं आहे. आमदार शहरातल्या लोकांवर सहसा खुशीने कर बसवत नाहीत. तो कर गावातल्या भूमिहीनांच्या मजुरीसाठी राखून ठेवणं तर फारच दुर्मीळ. तरीही महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला. असं का झालं? आणि सरकारने लोकांना काम देण्याचा लोकशाहीच्या प्रकृतीशी काय संबंध असतो?

माझं उत्तर आधीच सांगतो. सरकारने किती जणांना काम दिलं, एवढ्यावरून लोकशाही बळकट होत नाही. ते काम माणसाला कायद्याने मागता येतं की कुणाच्या मर्जीने मिळतं, यावर सगळं ठरतं. हक्काचं काम माणसाला ताठ उभं करतं. मर्जीचं काम त्याला वाकवतं, आणि त्याच्याबरोबर त्याचं मतही वाकतं.

विसापूरपासून विधानभवनापर्यंत

या योजनेचं मूळ सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तिथे एक प्रयोग करून पाहिला. गावात काम हवं असलेले हात आहेत आणि बांधबंदिस्ती, विहिरी, रस्ते अशी करण्यासारखी कामंही आहेत. मग या दोन गोष्टी एकत्र का आणू नयेत, हा पाग्यांचा साधा प्रश्न होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना कल्पना पटली. १९७२ मध्ये योजना राज्यभर लागू झाली.

१९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. नाईकांच्या काळात योजना, वसंतदादा पाटलांच्या काळात कायदा आणि शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारच्या काळात अंमल, असा तिचा प्रवास झाला. सरकारं बदलली, योजना टिकली.

कायद्याची कलमं थोडी पण नेमकी होती. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अकुशल अंगमेहनतीचं काम मागितलं, तर ते पंधरा दिवसांत द्यायचं. दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. त्या वेळी तो दिवसाला किमान एक रुपया होता. माणूस गरीब आहे की नाही, त्याचं कार्ड कुठल्या रंगाचं, तो कुणाच्या गटाचा, यातलं काहीच विचारायचं नाही. उन्हात खडी फोडायला किंवा माती उचलायला जो येतो त्याला कामाची गरज आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. दाखले मागणाऱ्या योजनांमध्ये गरजू माणूस बाहेर राहतो आणि ओळखीचा आत जातो. इथे कामाचे कष्ट हीच चाळणी होती, आणि ती कुणा साहेबाच्या हातात नव्हती.

मग एकमत कसं झालं? गरिबांबद्दलची तळमळ काही जणांत खरीच होती. शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट आणि लाल निशाण पक्षाने दुष्काळात काढलेल्या मोर्चांचा दबावही होता. पण अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे. योजनेतून होणारे रस्ते, तलाव आणि नालाबंडिंग यांचा फायदा जमीनदार शेतकऱ्यालाही मिळत होता, हंगामाबाहेर मजूर गावातच राहत होता आणि कराचा मोठा वाटा मुंबईतून येत होता. ग्रामीण आमदाराला यात गमवायचं फारसं काही नव्हतं. चांगले कायदे अशा अनेक हितसंबंधांच्या गाठीतूनही जन्माला येतात. त्याने त्यांचं मोल कमी होत नाही.

दोन दुष्काळ

दुष्काळात सरकारने कामं काढणं ही काही १९७२ ची कल्पना नव्हे. इंग्रजांनीही ती काढली होती. म्हणून १८७६–७८ चा दुष्काळ आणि १९७२–७३ चा दुष्काळ शेजारी ठेवून पाहावेत.

१८७७ च्या सुरुवातीला इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी खाली आणली. कष्टकरी पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. अर्धा किलोहूनही कमी धान्यावर दिवसभर दगड वाहायचे. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ही कामं सोडून दिली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे निवेदनांमागून निवेदनं पाठवली. आपल्याकडच्या जनतेच्या राजकारणाच्या सुरुवातीच्या खुणांपैकी ही एक आहे, आणि ती दुष्काळी कामावरच्या मजुरीवरून उमटली. पण त्या मजुरांच्या हातात मत नव्हतं. कलेक्टरला किंवा गव्हर्नरला त्यांना उत्तर द्यायची गरज नव्हती. त्या दुष्काळात देशभरात लाखो माणसं मेली.

१९७२ चा दुष्काळही भयंकर होता. मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगलीच्या पूर्व भागात लागोपाठ पिकं बुडाली होती. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की त्या पिढीतल्या माणसांना अजूनही लाल मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी आणि खडीचे ढीग आठवतात. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोचली होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साधारण पाच कोटी होती. म्हणजे राज्यातल्या दर दहा माणसांमागे जवळपास एक जण सरकारी कामावर होता. हाल प्रचंड झाले, पण १८७७ सारखं मरण गावोगाव फिरलं नाही.

धान्य कमी असूनही हे कसं घडलं? दुष्काळात माणूस मरतो तो बहुधा विकत घ्यायला पैसा नसल्यामुळे. शेतावरचं काम बंद पडलं की हातावर पोट असलेल्याचा पैसा आधी आटतो, धान्य नंतर. सरकारी कामाने त्याच्या हातात पैसा ठेवला. मग रेशनचं आणि व्यापाऱ्याचं धान्य त्याच्यापर्यंत पोचू शकलं. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास करून ही साखळी दाखवली. मुक्त वर्तमानपत्रं आणि निवडणुका असलेल्या देशात मोठा भूकबळी-दुष्काळ पडत नाही, हे अमर्त्य सेन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राचा अनुभव त्यात एक मधला दुवा घालतो. मत आणि भाकरी यांच्यामध्ये मजुरी उभी असते.

मजुरी थकली की १९७३ मध्ये लोक तहसील कचेरीवर मोर्चे नेत होते, अधिकाऱ्यांना घेराव घालत होते. आमदाराला पुन्हा त्याच गावांत मतं मागायला जायचं होतं. १८७७ च्या मजुराने काम सोडून निषेध केला. १९७३ च्या मजुराने काम करता करता हिशेब मागितला.

गावातली दुसरी विहीर

कामाची हमी माणसाचं स्वातंत्र्य कसं वाढवते, हे समजून घ्यायला एक गाव डोळ्यांसमोर आणू. गावात पाण्याची एकच विहीर आहे आणि ती पाटलाच्या वाड्यात आहे. पाटील चांगला असेल, रोज पाणी भरू देत असेल. तरीही पाटलाविरुद्ध ग्रामसभेत तोंड उघडताना प्रत्येकाच्या मनात घागर येणारच. आता गावाने मारुतीच्या पाराजवळ एक सार्वजनिक विहीर खणली. निम्म्याहून अधिक बायका सवयीने वाड्यावरच पाण्याला जातील. पण आता वाड्यावरची भाषा बदलते. पाणी नाकारलं तर त्या दुसरीकडे जाऊ शकतात, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. दुसऱ्या विहिरीतून पाणी न काढणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो, तो असा.

रोजगार हमी ही मजुरीच्या बाजारातली ती दुसरी विहीर. शेतमालक दिवसाला कमी पैसे देतो म्हणाला, तर मजूर बाई 'मग मी रोहयोवर जाते' एवढं म्हणू शकते. ती गेली नाही, तरी म्हणू शकते यानेच भाव बदलतो. पुढे केंद्राने अशीच योजना देशभर आणल्यावर अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलं. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशात केलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की योजनेची अंमलबजावणी सुधारल्यावर गरीब घरांची मिळकत वाढली. पण त्या वाढीतला बहुतांश भाग योजनेच्या मजुरीतून आलेला नव्हता, तो इतर कामांच्या वाढलेल्या मजुरीतून आला होता.

मजुरीचा भाव हा लोकशाहीचा प्रश्न का, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्येच सांगितलं होतं. संविधान सभेच्या समितीपुढे अनुसूचित जाती फेडरेशनच्या वतीने दिलेल्या निवेदनात त्यांनी बेकार माणसाचं उदाहरण घेतलं. त्याला कसलंतरी काम देऊ केलं आणि अट घातली, की संघटनेत जायचं नाही, मोकळेपणाने बोलायचं नाही. तर तो काय निवडेल? उपाशी माणूस हक्क सोडेल आणि काम घेईल, असं त्यांचं उत्तर होतं. ज्याला उद्याच्या जेवणासाठी एकाच माणसाचं तोंड बघावं लागतं, त्याच्या मूलभूत हक्कांवर त्या माणसाचा ताबा राहतो. मतदानयंत्रापुढे तो एकटा उभा असतो, पण मोकळा नसतो.

संविधानात कामाचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये आला नाही. तो कलम ४१ मध्ये, राज्याने शक्य तेवढं करावं अशा मार्गदर्शक तत्त्वांमध्ये राहिला. महाराष्ट्राच्या कायद्याने त्या तत्त्वाला पंधरा दिवसांची मुदत लावली. माझ्या मते या राज्याने देशाला दिलेल्या मोठ्या गोष्टींत हिची गणना व्हायला हवी, आणि शाळेच्या पुस्तकात तिला आज मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी.

मर्जीचं काम

याच्या उलट बाजूकडेही नीट पाहिलं पाहिजे, कारण सरकारने दिलेल्या कामाने लोकशाही सडवल्याची उदाहरणंही भरपूर आहेत.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निवडणूक जिंकणारा पक्ष टपालखात्यापासून जकातीपर्यंतच्या नोकऱ्या आपल्या माणसांत वाटत असे. २ जुलै १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने गोळ्या झाडल्या. प्रचाराच्या बदल्यात पॅरिसमध्ये वाणिज्यदूताचं पद मिळावं, अशी त्याची मागणी होती आणि ती फेटाळली गेली होती. गारफिल्ड यांचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. १८८३ मध्ये नोकरभरतीसाठी परीक्षा घेण्याचा कायदा आला. आपल्याकडच्या लोकसेवा आयोगामागचा विचारही हाच: नोकरी देणारा आणि मत मागणारा यांच्यात भिंत हवी.

पुढे महामंदीत रूझवेल्ट सरकारने १९३५ पासून आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना रस्ते, शाळा, उद्यानं बांधण्याचं काम दिलं. त्या कामाने लाखो घरांचा देशावरचा विश्वास टिकवला. पण १९३८ च्या निवडणुकीत या कामगारांवर सत्ताधारी पक्षासाठी दबाव आणल्याचे आरोप झाले, आणि पुढच्याच वर्षी मदतीचं काम मताच्या बदल्यात देण्याला किंवा नाकारण्याला बंदी घालणारा हॅच कायदा करावा लागला. काम देण्याची ताकद जिथे जमते, तिथे मत विकत घेण्याचा मोह पाठोपाठ येतो. त्यावरचा उपाय अमेरिकेने कायद्यात शोधला.

जर्मनीत महामंदीत असं मोठं काम निघालं नाही. तिथे १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार ६० लाखांच्या घरात होते आणि सरकार खर्च कापत चाललं होतं. नाझी पक्षाला १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती, १९३० मध्ये १८.३ आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. स्वतः बेकार झालेले कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. 'उद्या आपलीही तीच गत होईल' या भीतीने ग्रासलेला छोटा दुकानदार आणि शेतकरी नाझींकडे वळला. बेकारी अशी दोन्ही बाजूंनी लोकशाही पोखरते. सत्तेवर आल्यावर हिटलरने कामं काढली आणि बेकारी घटली हेही खरं आहे. पण मे १९३३ मध्ये कामगार संघटना मोडल्या गेल्या आणि १९३५ मध्ये श्रमसेवा सक्तीची झाली. लोकांना काम मिळालं, नाही म्हणण्याची सोय मात्र उरली नाही. म्हणून 'किती रोजगार निर्माण झाले' हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

भारतात हक्काच्या आणि मर्जीच्या कामातला हा फरक सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. राजस्थानात दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतनाहून कमी मजुरी मिळत होती. हे मदतकार्य आहे, नोकरी नव्हे, म्हणून किमान वेतन लागू नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. १९८३ मध्ये न्या. भगवती यांच्या खंडपीठाने ते फेटाळलं. घेतलेल्या कामाचा राज्याला उपयोग होतो. किमान वेतनाहून कमी देणं ही वेठबिगार आहे आणि कलम २३ ने तिला बंदी आहे, असा निकाल दिला. दुष्काळी कामावरचा मजूर भिक्षा घ्यायला आलेला नाही, हे त्या निकालाने कायम केलं.

> चौकट : मस्टर
> सरकारी कामावर रोज कोण आलं याची नोंद ज्या कागदावर होते तो हजेरीपट, म्हणजे मस्टर. त्यावर मजुराचं नाव, हजेरीचे दिवस, मजुरी आणि सही किंवा अंगठा असतो. काम किती झालं याची नोंद मोजमाप पुस्तिकेत वेगळी होते. कामाच्या मापावर मजुरी ठरत असेल तर हीच पुस्तिका निर्णायक. चोरी करायची झाली तर या दोन कागदांतच करावी लागते: न आलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची, कधी मेलेल्या माणसांचीही नावं मस्टरवर चढवायची, किंवा मोजमाप फुगवायचं. कागद गावात सर्वांसमोर मोठ्याने वाचला, की चोरी काही मिनिटांत उघडी पडते, कारण कोण कामावर होतं हे गावाला पाठ असतं.

मस्टर दाखवा

कामाच्या हक्कातून लोकशाहीला मिळालेलं सगळ्यात मोठं फळ राजस्थानातल्या अशाच कामांवर पिकलं. राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी गावात राहून अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह यांनी १९९० मध्ये मजूर किसान शक्ती संघटना उभी केली. दुष्काळी कामांवर पूर्ण दिवस राबूनही मजुरी कमी का मिळते, हा तिथल्या मजुरांचा प्रश्न होता. अधिकारी म्हणत, तुमचं काम कमी भरलं. मजूर म्हणाले, मग मस्टर आणि मोजमाप दाखवा. ते गोपनीय आहे, असं उत्तर आलं.

या उत्तरावरून चळवळ पेटली. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना इथे पहिली जनसुनवाई झाली. मिळवलेली कागदपत्रं गावापुढे वाचली गेली आणि कागदावरच्या नावांची माणसं उभी राहून सांगू लागली, की आम्ही या कामावर गेलोच नव्हतो. १९९६ मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणं चाललं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही तिथली घोषणा होती. या धाग्यावरून पुढे जात जात २००५ मध्ये माहितीचा अधिकार कायदा झाला. त्याच वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने, राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदाही संसदेने केला.

माहितीचा अधिकार ही आज शहरातल्या सुशिक्षितांची हक्काची वस्तू वाटते. गृहनिर्माण संस्थेचा आराखडा, परीक्षेची उत्तरपत्रिका, रस्त्याच्या कंत्राटाची फाइल आपण तिच्या जोरावर मागतो. ती आपल्यापर्यंत आणली आहे खडी फोडणाऱ्या, बहुतांशी निरक्षर माणसांनी. कामाचा हक्क असलेला माणूस हिशेब मागतो, आणि हिशेब मागायला शिकलेला माणूस कुठल्याच सरकारला सोपा जात नाही.

केंद्राच्या कायद्याच्या कलम १७ ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचं काम दिलं. गावातल्या लोकांनीच कागद आणि प्रत्यक्ष काम ताडून पाहायचं. आंध्र प्रदेशने त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. गावातली तरुण मुलं घरोघर जाऊन नोंदी तपासत आणि मग उघड्या सभेत वाचन होई. महाराष्ट्रातही ठाणे, पालघर, रायगडच्या आदिवासी पट्ट्यातल्या संघटनांनी काम मागण्याच्या अर्जांभोवतीच लोक बांधले. 'नमुना ४' भरून कामाची मागणी करायची आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. पंधरा दिवसांचं घड्याळ त्या पोचपावतीपासून चालू होतं. म्हणूनच अनेक कचेऱ्यांत अर्ज सहज घेतात, पोच देताना हात आखडतात.

हमी कुठे तुटते

केंद्राच्या योजनेची सुरुवात २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर जिल्ह्यातल्या बंडलापल्ली गावातून झाली. आधी २०० जिल्हे, मग १ एप्रिल २००८ पासून सगळा ग्रामीण भारत. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी. महाराष्ट्राने आपला जुना कायदा दुरुस्त करून तिच्याशी जोडून घेतला. १०० दिवसांपुढे काम लागलं तर खर्च राज्याचा.

या योजनेची ताकद दिसली ती २०२० मध्ये. टाळेबंदीत शहरांतून परतलेल्या लोकांनी गावात काम मागितलं. त्या वर्षाच्या अंदाजपत्रकात योजनेला ६१,५०० कोटी रुपये होते. वर्षअखेर खर्च सुमारे १ लाख ११ हजार कोटींवर गेला. साडेसात कोटी कुटुंबांनी काम केलं. मागणी वाढली म्हणून तरतूद वाढवावी लागली. 'मागणीवर चालणारी योजना' म्हणतात ती हीच.

ही दिशा उलटी झाली, म्हणजे आधी पैसा ठरवला आणि मग त्यात बसतील तेवढी कामं काढली, की हमी तुटते. महाराष्ट्राने हे फार आधी अनुभवलं आहे. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं आणि रोहयोची मजुरी दुप्पट झाली. निधी त्या प्रमाणात वाढला नाही. कायदा जसाच्या तसा होता, पण कामं मंजूर व्हायची थांबली, दूरची कामं दिली जाऊ लागली, अर्ज पडून राहू लागले, आणि कामाचे दिवस झपाट्याने घटले. कर गोळा होत राहिला, पण तो सगळा मजुरीवर खर्च होत नाही ही तक्रार पुढे वर्षानुवर्षं होत राहिली. हक्क कुणी रद्द केला नव्हता, तो मागणाऱ्याच्या पायाखालून सरकला होता.

केंद्राच्या योजनेतही तेच वेगवेगळ्या रूपांत आलं. मजुरी पंधरा दिवसांत मिळायला हवी. ती महिनोन्महिने अडकली. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की उशिराची भरपाई मजुराला मिळालीच पाहिजे. २०२३ पासून हजेरी मोबाइलवरच्या फोटोंतून घेणं सगळीकडे सक्तीचं झालं, तर नेटवर्क नसलेल्या पाड्यांवर दिवसभर राबूनही हजेरी लागेना. चोरी रोखणं आवश्यकच आहे. पण गावाने मस्टर वाचणं आणि दूरच्या सर्व्हरने फोटो तपासणं यांत मोठा फरक आहे. पहिल्या पद्धतीत मजूर तपासनीस असतो, दुसरीत तो संशयित असतो. पश्चिम बंगालमध्ये गैरव्यवहाराच्या आरोपांवरून केंद्राने मार्च २०२२ पासून निधी थांबवला आणि तो तीन वर्षांहून जास्त काळ थांबलेला राहिला. जून २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने काम पुन्हा सुरू करायला सांगितलं. दोन सरकारांच्या भांडणात ज्यांची मजुरी गेली, त्यांनी काही चोरलं नव्हतं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमी १०० वरून १२५ दिवसांची आहे. बहुतेक चर्चा या आकड्यावर झाली. मला मात्र बाकीच्या तीन तरतुदी जास्त महत्त्वाच्या वाटतात. कोणत्या राज्याला वर्षाला किती पैसा, हे केंद्र आधी ठरवणार आणि त्यापुढचा खर्च राज्याने सोसायचा. बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० अशी राहणार. आणि पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येणार.

यातली शेवटची तरतूद गावातली दुसरी विहीर नेमकी तहान लागण्याच्या वेळी झाकते, कारण मजुरीचा भाव ठरतो तो हंगामातच. पहिल्या दोन तरतुदींचं गणित तालुक्याच्या कचेरीत उमटेल. जुन्या कायद्यात अकुशल मजुरी केंद्र देत होतं आणि काम न दिल्यास बेकारी भत्ता राज्याला द्यावा लागत होता. काम काढण्यात राज्याचा फायदा होता, न काढण्यात तोटा. ही मांडणी विचारपूर्वक केलेली होती. तिच्यामुळे काम मागणारी बाई आणि राज्याचा वित्त विभाग निदान कागदावर तरी एका बाजूला होते. आता प्रत्येक मजुरीच्या रुपयातले चाळीस पैसे राज्याला घालायचे आहेत, आणि ठरलेला निधी संपला की पुढचे शंभरही. ज्या राज्यांकडे पैसा कमी आणि बेकारी जास्त, त्यांच्याच तहसीलदारांना अर्जाची पोच देणं सर्वांत महाग पडेल.

महाराष्ट्राची स्थिती थोडी वेगळी आहे. रोजगार हमीसाठी राखलेला कर इथे पन्नास वर्षं गोळा होतो आहे, आणि विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती आहे. दर वर्षी किती लोकांनी काम मागितलं, त्यातल्या किती जणांना पंधरा दिवसांत मिळालं, किती जणांना बेकारी भत्ता दिला आणि कराचा पैसा कुठे गेला, हे चार आकडे तालुकावार जाहीर करायला राज्याला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.